दुसऱ्या डोळ्याची आखणी

संध्याकाळी क्लास बंद करताना आमचे सर प्रत्येक मॉनिटरच्या तोंडावर लाल फडकं टाकत. प्लास्टिकची कव्हरं बाजारात मिळत होती, आमच्याकडे आणलेलीही होती, पण ती कपाटात घडी न मोडता पडून होती. फडकंच हवं, लालच हवं, आणि ते मागून पुढे सोडायचं. एकदा घाईत मी पुढून टाकलं, तर मला ते काढून परत टाकायला लावलं. "देवाच्या तोंडासमोरून हात नेतात काय गो?" म्हणाले. तिथे देव कुठला? काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक बारीकशी रेघ होती. पण हे त्यांना सांगणार कोण! मी नोकरीत नवी होते, वरसे गावातून सायकलने यायचे आणि संध्याकाळपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागलेले असायचे. मुकाट्याने फडकं नीट टाकलं आणि घरी गेले.

रोह्याच्या बाजारात एका खताच्या दुकानावर आमचा क्लास होता. जिन्यात युरियाचा वास यायचा आणि वर गेलं की उदबत्तीचा. नव्वदनंतरची ती पहिली वर्षं. कंपन्यांत शिफ्टला जाणारी माणसं आपल्या पोरापोरींना कम्प्युटर शिकायला धाडायला लागली होती. मीही आधी शिकायलाच गेले. बीकॉम होऊन घरी बसले होते, लग्नाचं काही जमत नव्हतं, म्हणून वडिलांनी फी भरली. वर्षभरात सरांनी मलाच शिकवायला उभं केलं. पोरं मला मॅडम म्हणायला लागली आणि मी आरशात बघून केस बांधायला लागले.

सर उंच, हाडकुळे, कायम पूर्ण बाह्यांच्या शर्टात. उजवा हात कापायचा. एंटरची कळ दाबायची असली की डाव्या हाताने उजवं मनगट धरून ती कळ दाबत. नवीन पोरांना हसू यायचं, पण हसलं तर सर रागावत नसत. "हा हात सरळ असता तर मी तुमच्यासमोर नसतो, पेणला रंगात असतो," एवढंच सांगत.

पेणला त्यांचं घर गणपतीच्या कारखानदारांचं. सरांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, आखणीत त्या आळीत एक नंबर. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. मूर्ती घडते, सुकते, रंगते, दागिने चढतात, सगळ्यात शेवटी डोळे. डोळे होईपर्यंत ती माती. तिला पाय लागला तरी कुणी हात जोडत नाही. डोळे झाले की मग त्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्याचा हात कापतो त्याला त्या घरात ब्रश धरता येत नाही, तो साचे धुतो, माती मळतो. सरांनी ते काही वर्षं केलं आणि मग कुठूनसा एक कम्प्युटर घेऊन रोह्याला आले.

आबांची एक रीत सर फार रंगवून सांगत. पहिला डोळा काढून झाला की आबा ब्रश ठेवून उठत. मूर्तीवर फडकं टाकत, अंगणात जाऊन हात धूत, ओट्यावर बसून पान लावत. ते पान सावकाश खायचं, पिंक टाकायची, चूळ भरायची, पुन्हा हात धुवायचे आणि मग दुसरा डोळा. मध्ये कितीही वेळ जावो. दारात गिऱ्हाईक येऊन टेम्पो उभा असला तरी आबा पानाला उठणार म्हणजे उठणारच. "पहिला डोळा हाताचा, दुसरा त्याचा," असं ते म्हणायचे. आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी खोलीत कुणाला थांबू देत नसत. फक्त नात बसायची. सरांची मुलगी. तिला सगळे बाय म्हणायचे.

बाय मी पाहिलेली नाही. मी क्लासला लागण्याच्या आधीच ती गेली. कॉलेजात होती, सरांच्या मशीनवर प्रोग्राम लिहायला शिकलेली, कावीळ झाली, गणपती तोंडावर आले असताना गेली. सरांची बायको त्याच्याही आधी गेलेली, त्यामुळे रोह्याच्या घरात ही दोघंच, बाप आणि लेक, होती. त्या साली पेणच्या घरातून गावभर गणपती गेले आणि त्यांच्या स्वतःच्या घरात बसला नाही. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही की-बोर्ड पुसता पुसता. पुसून झाला तरी ते पुसतच राहिले होते.

आता चिपांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत.

बाकी सगळे टू-एटी-सिक्स, थ्री-एटी-सिक्स म्हणायचे. सर मराठीत म्हणायचे. दोनशे शहाऐंशी, तीनशे शहाऐंशी, चारशे शहाऐंशी. आळीतली घरं मोजावीत तसं. पहिल्या दिवशी मुलांना ते मशीन उघडून आतली चिप दाखवत आणि बोट न लावता म्हणत, "हा ह्याचा प्राण. बाकी सगळी माती." मग त्या धंद्यातली भांडणं सुरू व्हायची. एका कंपनीने चिप काढली की दुसरी तश्शीच, त्याच नंबरची काढते आणि स्वस्त विकते. पहिली कोर्टात जाते. हे सगळं कुठल्याशा इंग्रजी मासिकात आलेलं असायचं, पण सर सांगायचे ते पेणच्या भाषेत.

"साच्यावरून साचा मारतात गो," ते म्हणायचे. "आमच्याकडं पण तसंच. आबांनी मूर्तीची नवी बैठक काढली की पुढल्या साली समोरच्या कारखान्यात तीच. आबा जाऊन बघायचे, नि म्हणायचे, धड माझं हाय, पण डोळा तुझा हाय, म्हणून हा माझ्याकडं बघत नाय."

पुढची चिप पाचशे शहाऐंशी येणार म्हणून सर वाट बघत होते. तर तिला नंबरच नाही, नाव. आकड्यावर कुणाला मालकी सांगता येत नाही, असं तिकडच्या कोर्टाने म्हटलं म्हणे, म्हणून कंपनीने नाव ठेवलं. सरांनी त्या दिवशी शिकवलंच नाही. खिडकीत उभे राहिले. "नाव ठेवलं म्हणजे आता प्राण घातला. आता ती हाक मारली तर ओ देणार," असं काहीतरी पुटपुटले. मला त्याचा रागच आला. कारण मला दुपारच्या बॅचची कटकट होती, आणि हे चिपेचं बारसं करत बसलेले.

क्लासमधलं पहिलं मशीन, भिंतीकडचं, दोनशे शहाऐंशी होतं. त्यावर कुणाला शिकवायचं नाही, खेळायचं नाही. ते फक्त दिवेलागणीला चालू व्हायचं, सगळी पोरं गेल्यावर. सर खणातून मोठी काळी फ्लॉपी काढत. तीही लाल फडक्यात गुंडाळलेली. ती घालून, मनगट धरून एंटर दाबत आणि उठून मशीनच्या उजव्या बाजूला, भिंतीवरच्या मेन स्विचपाशी जाऊन उभे राहत.

पहिल्यांदा बघितलं ते मला अजून स्वच्छ आठवतं. पडदा काळा होता. मग एक पांढरी रेघ निघाली आणि हळूहळू वळत गेली. कान झाला. रेघ थांबली. मग दुसरीकडून निघाली, थोडी जपून, सोंड उतरली, वळणावर किंचित अडखळली आणि पुढे गेली. मुकुट झाला. ती रेघ मशीनने काढल्यासारखी नव्हती. ती थांबत होती ती माणूस थांबतो तशी. ब्रश रंगात बुडवायला लागेल तेवढा वेळ, मागे सरून बघायला लागेल तेवढा वेळ. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि तिसरं कुणीतरी तिथे बसून चित्र काढत होतं.

मग डावा डोळा आला. सगळ्यात सावकाश. पापणी, कड, बुबुळ. बुबुळ मध्यावर नव्हतं, पार उजव्या कडेला सरकलेलं होतं. आणि तिथे सगळं थांबलं. दुसऱ्या डोळ्याची जागा कोरीच. खाली ती रेघ लुकलुकत राहिली.

"इथवरच केलंय बायनं," सर स्विचपाशी उभे राहून म्हणाले. "आबांजवळ बसून बघितलेलं सगळं घातलंय तिनं ह्यात. आबांचा हात हाय हा. दुसरा डोळा ऱ्हायला."

"आणि हे बुबुळ असं कडेला?"

"हात चुकला असेल. नायतर बघ, स्विचकडं बघतंय. बंद कर म्हणतंय." ते हसले आणि मॉनिटरवर फडकं टाकून त्यांनी स्विच खाली ओढला. अर्ध्या आखणीचा चेहरा उघडा ठेवत नाहीत, असा त्यांच्या घरचा दंडक. पहिला डोळा झाला की फडकं. त्या दिवसानंतर रोज तेच. चेहरा, डावा डोळा, फडकं, स्विच.

मी त्यांना म्हटलं होतं, सर, प्रोग्राम उघडा, मी उजवा डोळा घालून देते, त्यात काय आहे? पण बायने तो कुलूप घालून साठवला होता. चालवता यायचा, आतल्या ओळी वाचता यायच्या नाहीत. क्लासमधली पोरं खोडी काढतील म्हणून केलं असेल. आणि कुलूप नसतं तरी सरांनी मला हात लावू दिला नसता. "दुसरा डोळा दुसऱ्यानं काढायचा नसतो," ते म्हणाले. "अर्ध्या आखणीची मूर्ती बसवता येत नाय, बोळवता पण येत नाय. ती तशीच घरात ऱ्हाते. बाय तशीच ऱ्हायलीय." सर हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, गोड्या तेलाचा भाव सांगावा तसं. मला रडू आलं आणि मी बाथरूमचं कारण सांगून जिन्यात जाऊन उभी राहिले.

मग नदीपलीकडच्या अष्टमी गावात इरफानने क्लास काढला.

इरफान आमचाच विद्यार्थी. पुलापलीकडे त्याच्या मामाच्या माडीवरच्या गाळ्यात त्याने नवी मशिनं मांडली, ती नाव असलेली चिप घातलेली. रंगीत पडदे, माऊस, गाणी वाजायची. आमच्याकडे पोरं टाइप करून घामाघूम व्हायची तेवढ्यात तिकडे चित्रं हलायची. एकेक करून पोरं पूल ओलांडून जायला लागली. आधी संध्याकाळची बॅच गेली, मग दुपारची. मी सरांच्या मागे लागले. नवी चिप घेऊ या, निदान एक मशीन. सर ऐकून घेत आणि की-बोर्ड पुसायला लागत.

एकदा मी हट्टाने त्यांची फ्लॉपी आमच्याच तीनशे शहाऐंशीवर लावली. रेघ सरसर पळाली. कान, सोंड, मुकुट, डोळा, सगळं एका दमात. ते थांबणं नाही, अडखळणं नाही. सर स्विचपाशी पोचायच्या आत संपलं.

"हात कुठाय?" सर म्हणाले. "चित्र हाय. हात कुठाय ह्यात?"

त्यांनी फडकं टाकलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. शनिवारपर्यंत मला काय हवं ते फळ्यावर लिहून विचारावं लागे. तेव्हा मला कळलं की ते नवी चिप का घेत नाहीत. पैशाचा प्रश्न नव्हता, हट्टही नव्हता. आबाही आता नव्हते; त्यांचा हात आणि बायचं बसणं त्या मंद चिपेच्या मंदपणातच उरलं होतं. जग जितकं पळेल तितकी ती दोघं पुसली जाणार होती. आणि जग तर पळतच होतं. दर दिवाळीला नवी चिप, प्रत्येक कंपनीला दुसरीच्या पुढे जायची घाई.

पण खाडीच्या हवेने कुणाला सोडलंय? पुढच्या पावसाळ्यात दोनशे शहाऐंशी बंद पडलं. उघडलं तर आत सगळं हिरवं. चिपेचे पाय गंजून गेलेले. सर पनवेलपर्यंत विचारून आले, तसला भाग आता कुणी ठेवत नव्हतं. दुकानदार म्हणाला, हे म्युझियममध्ये द्या. सर त्या उघड्या मशीनसमोर बसून राहत. दिवेलागण झाली की सवयीने उठून स्विचपाशी जात आणि नुसते उभे राहत. समोर काळा पडदा, बाजूला हे. मला तिथे थांबवत नसे. फ्लॉपीलाही बुरशी धरायला लागली होती. मी उन्हाकडे धरून बघितली तर कडेला पांढुरके ठिपके.

"सर, ही पण जाईल," मी म्हटलं. "अष्टमीला जाऊ या. इरफानकडे मोठ्या फ्लॉपीची खाच असलेलं एक मशीन आहे. निदान उतरवून तरी घेऊ."

"तिथं हात दिसणार नाय."

"नाही दिसणार. पण हीच गेली तर काय बघाल?"

गणपती आठवड्यावर आले होते. एका दुपारी तेच म्हणाले, चल. फ्लॉपी लाल फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांवर घेतली, घरी मूर्ती नेतात तशी, तोंड आपल्याकडे करून. फ्लॉपीला तोंड कुठलं, पण त्यांनी ते ठरवलेलं होतं. कुंडलिकेच्या पुलावरून आम्ही चालत गेलो. समोरून दोघेतिघे ओळखीचे आले, त्यांनी हातावरचं लाल फडकं बघून आपोआप वाट दिली. एका बाईने तर नमस्कार केला.

इरफान धावत बाहेर आला. "सर, या ना, बसा. त्या खुर्चीत नको, ती मोडकी हाय." हे स्पर्धक! सरांसमोर तो हात मागे बांधून उभा होता. मी त्याला काय हवंय ते सांगितलं. त्याने कोपऱ्यातलं मशीन मोकळं करून दिलं, फ्लॉपी अलगद घातली आणि सरांसाठी चहा सांगायला स्वतःच खाली गेला.

सरांनी मनगट धरलं आणि एंटर दाबलं.

चेहरा एकदम आला. रेघ दिसलीच नाही. पापणी लवते न लवते तोच कान, सोंड, मुकुट आणि तो कडेला बघणारा डावा डोळा. सरांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, ह्यांना इथे आणून मी काय मिळवलं! मग त्यांनी उठून फडकं घेतलं, मागून पुढे मॉनिटरवर सोडलं आणि भिंतीवरचा मेन स्विच शोधून खाली ओढला.

पंखा थांबला. मशीन थांबलं नाही. आतून घरघर चालूच राहिली आणि टेबलाखालून टिंग, टिंग असा आवाज यायला लागला.

सर मागे सरले. "बंद केलंय मी," म्हणाले. त्यांनी स्विच पुन्हा वर-खाली केला आणि खालीच ठेवला. "बंद होत नाय गो."

"सर, त्याला बॅटरी आहे. लाइट गेली तरी थोडा वेळ चालतं. संपली की आपोआप बंद होईल."

"मी बंद केलं, तरी चालू हाय?"

"हो."

ते फडक्याकडे बघत राहिले. फडक्यातून पडद्याचा उजेड झिरपत होता, लाल. टेबलाखाली टिंग टिंग चाललेलं. मला कारण माहीत होतं, तरीही. इतकी वर्षं रोज संध्याकाळी जे झाकलं की विझायचं ते आज विझलं नव्हतं. मी म्हटलं, स्विच लावू का परत? सरांनी मान हलवली. "संपू दे त्याचं ते," म्हणाले. आम्ही दोघं त्या लाल फडक्यासमोर उभे राहिलो, गाभाऱ्याबाहेर उभं राहावं तसे. खाली रस्त्यावर ताशा घुमवून बघत होतं कुणीतरी, तो थांबला.

तेवढ्यात फडक्याच्या आत घंटा वाजली.

ती बॅटरीची टिंग नव्हती. वेगळी, खालच्या सुरातली, सावकाश, देवघरात वाजवतात तशी. तो आवाज मी त्या प्रोग्राममधून कधी ऐकला नव्हता. सरांनीही नव्हता, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दोघांपैकी कुणीच पुढे होईना. शेवटी मीच गेले आणि हात मागून नेऊन फडकं उचललं.

उजवा डोळा काढलेला होता.

पापणी, कड, बुबुळ. बुबुळ ह्याही डोळ्यात उजव्याच कडेला. एका डोळ्याला नजर नसते, ते मला त्या दिवशी कळलं. दोन डोळे झाले आणि चुकलेलं बुबुळ चुकलेलं राहिलं नाही. मूर्ती उजवीकडे बघत होती. अगदी नेमकं, एका जागेकडे. आमच्या रोह्याच्या क्लासात त्या जागी स्विच होता आणि स्विचपाशी रोज संध्याकाळी एक माणूस उभा राहायचा. इरफानकडे त्या जागी नुसती भिंत होती. ती नजर रिकाम्या भिंतीशी जाऊन थांबली होती आणि ते बघवत नव्हतं.

सर हळूहळू चालत गेले आणि त्या जागी उभे राहिले.

आता ती त्यांच्याकडे बघत होती. सरांचा हात कापत होता, ते मनगट धरायचं विसरले होते. "आबा पानाला उठलेले गो," ते म्हणाले. "तिनं पानाचा वेळ घातलेला. सगळा वेळ. हात धुवायचा, लावायचा, खायचा. आणि मी रोज..." ते तोंडावर हात धरून, आवाज न करता रडायला लागले. मीही रडले. दुसरं काय करणार होते? बायने तो वेळ घड्याळाने नाही, मशीनला आकडे मोजायला लावून घातला असणार; त्या मंद चिपेवर तो तासाच्या वर गेला असता. घरचा दंडक पाळून त्यांनी रोज फडकं टाकलं होतं आणि रोज पान अर्ध्यावर असताना आबांना उठवलं होतं. ज्या चिपेला ते आबांचा हात पुसून टाकणारी म्हणून घाबरत होते, तिने ते पान काही मिनिटांत संपवून टाकलं होतं.

इरफान चहा घेऊन आला. टिंग टिंग ऐकून त्याने स्विचकडे हात नेला. "नको रे," सर म्हणाले. "जाऊ दे तिला." आम्ही तिघंही उभे राहिलो. आवाज भराभर यायला लागला, मग एकसारखा, मग पडदा मिटला. मी सवयीने फडकं घ्यायला वाकले. "नको," सर म्हणाले, "आखणी झाली. आता उघडंच असतं."

दिवाळीनंतर सरांनी आमचा क्लास बंद केला आणि मला स्वतः इरफानकडे सोपवलं. मुलीला सासरी सोडतात तसे आले होते, इरफानला दोन गोष्टी बजावून गेले. ते रोज दिवेलागणीला पूल ओलांडून येत. इरफानने त्या मशीनच्या उजव्या बाजूला भिंतीशी एक स्टूल ठेवलं होतं. सर त्यावर बसत, मी प्रोग्राम लावत असे, घंटा होईपर्यंत दोघं थांबत असू. फडकं टाकत नव्हतो. तरी दुसरा डोळा येताना कधी दिसला नाही, आला की आलेला असायचा. "आबा बघू देत नसत," सर म्हणायचे. मी एकदा विचारलं, सर, आता बोळवायचं ना? "पुढल्या वर्षी," म्हणाले. त्यानंतरच्या वर्षी विचारलं तेव्हाही तेच म्हणाले.

इरफान मशिनं बदलत गेला. चिपांचं भांडण जोरात होतं, दुसऱ्या कंपनीची तशीच चिप स्वस्तात मिळायला लागली, ती त्याने घेतली. मग पहिलीने तिच्याहून वेगवान काढली, तीही घेतली. प्रत्येक नव्या चिपेवर पानाचा वेळ थोडा कमी व्हायचा. आधी सर स्टुलावर बसून एक चहा संपवायचे, मग अर्धा. मग चहा यायच्या आत घंटा वाजायची. हा वेळ संपला की ह्यांचं काय होईल असं मला वाटायचं. शेवटी एक मशीन असं आलं की डोळे आगेमागे आलेच नाहीत. पडदा लागला आणि दोन्ही डोळे उघडेच. मी भीतभीत सरांकडे बघितलं.

ते शांत होते. "आता वाट बघायला लागत नाय," म्हणाले. "मी यायच्या आधीच बघत असते."

सर त्यानंतर फार जगले नाहीत. पेणला गेले, तिथेच गेले. इरफान आणि मी जाऊन आलो. फ्लॉपी माझ्याकडे राहिली, आणि तिची नक्कल त्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये. बोळवणं आता माझ्याकडे आलं होतं, आणि मीही पुढल्या वर्षीवर टाकत होते.

पुढच्या गणपतीच्या आधी एका संध्याकाळी मी तो प्रोग्राम लावला होता. सवय, दुसरं काही नाही. तेवढ्यात कंपनीचा निळा शर्ट घातलेले एक गृहस्थ आपल्या मुलीचं नाव घालायला आले. शिफ्ट सुटून थेट आलेले, दमलेले होते. मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि ते भिंतीशी टेकायला गेले, स्टूल दिसलं, बसले. मी मुलीला तिचं नाव विचारत होते.

"मॅडम," ते मध्येच म्हणाले. आवाज जरा चमत्कारिक आला म्हणून मी वर बघितलं. ते पडद्याकडे बघत होते आणि हळूहळू स्टुलावरून उठत होते. "हा गणपती माझ्याकडं बघत व्हता. आता बघत नाय."

मी पडद्याकडे बघितलं. चित्र तेच होतं, बुबुळं उजवीकडेच होती. ते उठून बाजूला झाले होते, एवढंच.

"तुमच्याकडे नाही बघत ती," मी म्हटलं. "तुम्ही या खुर्चीत बसा, काका. ती जागा रिकामी नाय."